फुकट आलेले कपडे आणि मेकअप : आपल्याला शोभतात का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या एका गावात मी ब्लाउज शिवते, आणि मशीनच्या बाजूच्याच खोलीत लहानसं पार्लर चालवते. त्यामुळे आहेराच्या साड्या, वाणातल्या लिपस्टिका, कृषी केंद्रातले टी-शर्ट, मोबाइलवरून मागवलेली सॅम्पलं, सगळं माझ्यासमोर येतं. सोबत एक प्रश्नही येतो: "ताई, फुकट भेटलं, पण मले शोभते काय?" वारंवार येणारे प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे लिहिली आहेत.

"काऊन बाप्पा, फुकट भेटलं तं घेऊ नये काय?"

घ्या. प्रेमाने दिलेलं नाकारायचं कारण नाही. पण घेतलं म्हणजे वापरलंच पाहिजे, असं मात्र नाही. फुकटच्या साडीला पुढे खर्च असतो. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई, फॉल, पिको, मॅचिंग परकर धरला तर चारशे-पाचशे रुपये सहज जातात. एवढे पैसे आपल्या मनाच्या रंगाच्या सुती साडीसाठी बाजूला ठेवता आले असते. म्हणून ब्लाउजपीस कापायच्या आधी स्वतःला विचारा: हीच साडी दुकानात असती, खिशात पैसे असते, तर मी ती हातात घेऊन दुसऱ्यांदा उलगडून पाहिली असती का? उत्तर लगेच "हो" आलं तर शिवायला टाका. "चांगली आहे, पण..." असं आलं तर आठ दिवस थांबा. त्या आठ दिवसांत तिची एकदाही आठवण आली नाही, तर तेच उत्तर.

माझी स्टाइल काय, हेच मला माहीत नाही. मी तर जे असेल ते घालते. मग शोभतं की नाही ते कसं ठरवू?

हा सगळ्यात मोलाचा प्रश्न, आणि माझा अनुभव असा की प्रत्येक बाईची आवड ठरलेली असते, फक्त कोणी तिला विचारलेलं नसतं. ती आवड मासिकात शोधू नका, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांत शोधा.

सगळ्यात जास्त विटलेले, काठ झिजलेले, काखेत उसवून पुन्हा शिवलेले पाच कपडे काढा. घडी न मोडलेल्या भारी साड्या नकोत, वापरून वापरून जुने झालेलेच हवेत. ते खाटेवर मांडा आणि नीट बघा. गळा कसा आहे? मागून खोल की बंद? बाही कोपरापर्यंत की त्याच्या वर? नक्षी बारीक बुट्टीची की मोठ्या फुलांची? काठ किती रुंद? कापड अंगाला चिकटणारं की थोडं ताठ? साडी हातात तोलून बघा, हलकी की जड? पाचपैकी तीन-चार कपड्यांत एकच गोष्ट सापडेल. कोणाच्या पाचही कपड्यांत बारीक काठ निघतो, कोणाच्या हिरव्याच्या चार छटा. माझ्याकडे येणाऱ्या एका अंगणवाडी मदतनीस ताईंच्या सगळ्या आवडत्या ब्लाउजांना पुढून हुक आणि कोपरापर्यंत बाही होती. दिवसभर पोरांना उचलायचं, खिचडी ढवळायची, त्यात पदर आणि बाही मधे येऊ नये, ही त्यांची गरज होती. तीच त्यांची स्टाइल. त्यांना आहेरात आलेली नेटची, पाठीवर दोरीच्या ब्लाउजची साडी कितीही महाग असली तरी त्यांची नव्हती.

सापडलेल्या तीन गोष्टी एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. फुकट काही आलं की त्या तिन्हींशी ताडून बघा. दोन जुळल्या तर ठेवायला हरकत नाही. एकही जुळली नाही तर ती वस्तू दुसऱ्या कोणाची आहे, वाट चुकून तुमच्या घरी आली.

साडीचा रंग मला शोभतो की नाही, नेसून न बघता कळेल का?

बऱ्यापैकी कळतं. सकाळी नऊ-दहाच्या उजेडात ओसरीत उभ्या राहा, पण थेट उन्हात नको. ट्यूबलाइटखाली तर नकोच, तिच्या पांढऱ्या उजेडात रंग फसवतात. चेहरा धुतलेला, पावडर नाही. साडीचा एक पदर खांद्यावरून हनुवटीपर्यंत घ्या आणि आरसा हातभर लांब धरा. आधी चेहरा दिसला आणि मग साडी, तर रंग तुमचा आहे. आधी साडीच दिसली, किंवा डोळ्याखालचं काळं आणि ओठांचा फिकेपणा एकदम वर आला, तर नाही. जवळ दुसऱ्या रंगाची साडी ठेवा आणि आलटून पालटून बघा. एकट्या रंगावरून ठरवणं अवघड जातं, दोन समोरासमोर आले की डोळ्याला लगेच कळतं.

मनगटावरच्या शिरा निळ्या की हिरव्या, यावरून त्वचेची छटा ठरवायची युक्ती मोबाइलवर फिरते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर त्या शिरा बऱ्याचदा नीट दिसत नाहीत, त्या युक्तीवर वेळ घालवू नका.

आणि "सावळ्या पोरीने भडक घालू नये" हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. राणी रंग, मोरपंखी, गडद जांभळा, हळदी पिवळा हे रंग सावळ्या अंगावर जेवढे खुलतात तेवढे गोऱ्या अंगावर खुलत नाहीत. पार्लरच्या आरशात मी हे रोज बघते. सावळ्या मुलींना आहेरात मुद्दाम फिका गुलाबी आणि बिस्किटी रंग देतात, आणि त्या फिक्या रंगातच त्यांचा चेहरा मलूल दिसतो.

आहेराची साडी "सिल्क" म्हणून आली. खरी की काय, ते शोभण्याशी संबंधित आहे का?

पुरेपूर आहे. कापड कसलं आहे त्यावर ती अंगावर कशी पडेल आणि तुम्ही ती किती वेळ सहन कराल ते ठरतं. घरी ओळखायची एक जुनी रीत आहे. पदराच्या आतल्या टोकाचा, न दिसणारा एक धागा काढा. चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटवा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशीम किंवा कोसा (म्हणजे टसर) जळताना केस जळल्याचा वास येतो, टोकाला काळी गोळी होते, ती बोटांनी चुरगळली की भुगा होतो. पॉलिस्टर वितळतं, काळपट धूर निघतो आणि उरते ती टणक गोळी, नखाने दाबली तरी फुटत नाही. लेकराबाळांपासून दूर, एकच धागा घेऊन करा. ताणा आणि बाणा वेगळ्या सुताचे असू शकतात, म्हणून उभा आणि आडवा असे दोन धागे तपासा.

खरा कोसा निघाला तर मात्र ती साडी कोणालाही देऊ नका. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे विणला जाणारा टसर, आणि करवतीच्या दातांसारखी किनार असलेली विदर्भाची करवत काठी साडी, ही आपल्या मातीतली कारागिरी आहे. करवत काठीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. रंग चेहऱ्याला जमत नसेल तर दुसऱ्या रंगाचं ब्लाउज गळ्याशी आणा, कारण चेहऱ्याजवळ ब्लाउज आणि पदराचा काठ असतो, बाकीची साडी खाली असते.

उन्हाळ्यात लग्नं, आणि आहेरात सगळं पॉलिस्टर. काय करू?

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी 45 अंशांच्या पुढे जातं. मांडवात कूलर पुढच्या रांगेत असतो आणि बायका मागे बसतात. अशा वेळी जॉर्जेट-पॉलिस्टर घाम शोषत नाही. मांड्या आणि कंबर घासून पुरळ येतं, आणि घामोळ्यांनी हैराण झालेली बाई कुठल्याही रंगात चांगली दिसत नाही. म्हणून माझा साधा नियम: फाल्गुन ते ज्येष्ठ फुकटची पॉलिस्टर साडी नेसायची नाही, ती दिवाळीनंतरच्या लग्नांसाठी ठेवायची. नेसावीच लागली तर आत सुती परकर आणि सुती अस्तराचं ब्लाउज पाहिजे. ज्या जिल्ह्यांत कापूस पिकतो तिथल्या बायकांच्या अंगावर वर्षभर पॉलिस्टर असावं, हे माझ्या मनाला लागतं.

नणंदेने दिलेली साडी आवडली नाही. एकदा तरी नेसावीच लागेल ना?

नातं महत्त्वाचं असेल तर एकदा नेसा, तिच्यासमोर नेसा, फोटो काढा. बस. त्यापुढे ती साडी तुमची, तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. नणंदबाई मोकळ्या स्वभावाच्या असतील तर पुढच्या वेळेआधी बोलून टाका: "ताई, तुम्ही देता ते मायेनं देता, पण मले बारीक काठाचीच नेसवते. दुकानात जाल तं मले फोटो पाठवा ना." यात अपमान नाही. उलट बऱ्याच जणी सुटकेचा श्वास टाकतात, कारण काय द्यावं हा त्यांनाही प्रश्नच असतो.

साडी पुढे आहेरात द्यायची असेल तर घडी पूर्ण उलगडून बघा. हळदीकुंकवाचा डाग, दुकानाची पावती, देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी, अक्षता, सगळं आत सापडतं. त्याच भावकीत तीच साडी परत जाऊ देऊ नका. ओटीत घातलेली साडी पुढे द्यायची की नाही, हे प्रत्येक घरचं वेगळं असतं. सासूबाईंना विचारून घ्या.

बाबा गेल्यापासून आईला सगळे फिक्या रंगाच्याच साड्या देतात. तिला त्या शोभत नाहीत.

मग तिला विचारा आणि तिच्या आवडीची आणा. विदर्भात नवऱ्यामागे शेत, कर्ज आणि लेकरं एकटीने ओढणाऱ्या बाया गावोगावी आहेत, आणि त्यांना येणाऱ्या साड्या कायम राखाडी, बदामी, पांढऱ्या ठिपक्यांच्या. देणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण त्या साडीत बाईची आवड कुठेच नसते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आईला बाजारात न्या, गठ्ठ्यासमोर बसवा आणि गप्प राहा. तिचा हात आधी कुठल्या साडीवर जातो ते बघा. तिने लोकांच्या भीतीने हात मागे घेतला, तर ती पहिली साडी तुम्ही उचला.

रेशन दुकानातून मिळालेली साडी?

राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणानुसार अंत्योदय कार्डावरच्या कुटुंबाला वर्षाला एक साडी मोफत मिळते. ती यंत्रमागावरची, रोज वापरायची साडी आहे. रंग निवडता येत नाही, पण ती तुमच्या हक्काची आहे, संकोच कशाचा? पहिल्यांदा वेगळी भिजवा, मूठभर मीठ टाका, रंग जातो का बघा. रंग मनाला येत नसेल तर घरातल्या घरात नेसा, किंवा लेकीच्या परकर-पोलक्याला वापरा. एका साडीत छान होतं.

कृषी केंद्रातून बियाण्याच्या कंपनीचे टी-शर्ट, टोप्या मिळतात. घरधनी तेच घालून लग्नालाही जातात!

हा प्रश्न बायकाच विचारतात, पण उत्तर पुरुषांनी वाचावं. ते टी-शर्ट एकाच बेताचे, खांदा उतरलेले, पोटावर घट्ट असतात, छातीवर बियाण्याच्या वाणाचं नाव. शेतात आणि बैलांमागे घालायला ठीक. कार्यक्रमाला आपला एक सुती शर्ट, अंगाच्या मापाचा, इस्त्री केलेला, याला तोड नाही. दोन चांगले शर्ट माणसाला वर्षभर पुरतात.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. हा टी-शर्ट फवारणीचा कपडा नाही. अर्ध्या बाहीचं पातळ कापड औषध अंगापर्यंत पोचू देतं. 2017 ची फवारणीतली विषबाधा यवतमाळ जिल्ह्याने भोगली आहे. फवारणीला पूर्ण बाहीचा जाड शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा घाला, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. बायका कापूस वेचताना, निंदताना साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाहीचा शर्ट चढवतात, ते एकदम बरोबर आहे. पऱ्हाट्यांचं खरचटणं आणि ऊन दोन्हींपासून तो वाचवतो. घरात पडून असलेला फुकटचा पूर्ण बाहीचा शर्ट असेल तर या कामाला काढा.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला शर्टपीस-पँटपीस येतो. शिवावा का?

2023 ला अधिक श्रावण होता, 2026 ला अधिक ज्येष्ठ, म्हणजे दर तिसऱ्या वर्षी हा प्रश्न येतोच. आधी कापड मोजा. 58 इंची पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण 1.6 मीटर लागतं, 36 इंची पन्ह्यात सव्वादोन मीटरच्या आसपास. जावई धिप्पाड असेल तर पाकिटातलं कापड अर्ध्या बाहीलाच पुरतं, आणि त्याला अर्धी बाही आवडत नसेल तर शिलाई वाया. चकाकणारं कापड असेल तर शिवू नका. मीही सासरकडच्या लोकांना हेच सांगते की पाकीट देण्यापेक्षा जावयाला शिंप्याकडे घेऊन जा.

मेकअपची फुकट पाकिटं, लहान बाटल्या येतात. वापरण्याआधी काय बघू?

शोभणं नंतर, आधी सुरक्षितता. सौंदर्यप्रसाधनांसाठी देशात 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे नियम आहेत. त्यानुसार डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, कधी बनवलं, कधीपर्यंत वापरायचं, परवाना क्रमांक आणि घटक हवेत. बाहेरून आलेल्या मालावर आयात नोंदणीचा क्रमांक आणि इथल्या आयातदाराचा पत्ता असतो. अगदी लहान पुडीवर सगळं मावत नाही, पण नाव, बॅच आणि मुदतही नसेल तर ती पुडी चेहऱ्याला लावू नका. उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र आणि त्यात 6 किंवा 12 असा आकडा दिसला, तर उघडल्यावर तितके महिने वापरायचं असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे उष्णतेचा प्रश्न वेगळा. टिनाच्या घरात, एसटी स्टँडवरच्या टपरीत उन्हाळाभर राहिलेली लिपस्टिक वितळून पुन्हा घट्ट होते. कांडीवर घामासारखे थेंब, तेलकट वास, वरचा थर वेगळा दिसला तर मुदत शिल्लक असली तरी टाका.

गोरं करणारी क्रीम फुकट दिली. आठ दिवसांत फरक पडला! चालू ठेवू?

आठच दिवस झालेत, तर आजच बंद करा. आठ दिवसांत गोरं करणाऱ्या बेनावाच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. पहिली पारा. पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर घाव घालतो. ही लांबची गोष्ट नाही. अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना सूज आली, मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने शोध घेतला तेव्हा बोट त्यांच्या चेहऱ्याच्या क्रीमकडे गेलं आणि तिच्यात पारा निघाला. 2023 मध्ये ही बातमी सगळीकडे आली होती. आपल्या नियमांत डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारासुद्धा दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. बेनावाच्या डबीचं असं मोजमाप कोणी केलेलं नसतं.

दुसरी गोष्ट स्टिरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर दिसली तर ते औषध आहे, मेकअप नाही. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात, बायकांना दाढीसारखे केस येतात, आणि क्रीम सोडली की जास्तच भडकतं. बरेच दिवस लावत असाल तर मनाने एकदम सोडून बसू नका, जिल्हा रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांना डबी नेऊन दाखवा. लघवीला फेस, पायावर सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

माझ्या पार्लरमध्ये गोरं करायची क्रीम मी ठेवत नाही. लग्नाळू मुलींच्या आया विचारतात, त्यांनाही मी हेच सांगते.

नवीन क्रीम किंवा मेहंदी चेहऱ्यावर, हातावर लावण्याआधी कशी तपासायची?

क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. खाज, लाली, पुरळ नाही आलं तर चेहऱ्यावर. केसांचा रंग आणि केसांना लावायची काळी मेहंदी कानामागे लावून 48 तास थांबा. खरी मेहंदी आधी केशरी दिसते आणि दुसऱ्या दिवशी लालसर तपकिरी होते. तासाभरात कुट्ट काळी झाली तर तिच्यात केसांच्या रंगातलं रसायन मिसळलेलं आहे, जे फोड आणू शकतं आणि त्याची कातडीवर खूणही राहते. लग्नाच्या आदल्या दिवशी फुकटची काळी मेहंदी लावायला कोणी आलं तर हात पुढे करू नका.

लिपस्टिकचा शेड जमतो की नाही कसं बघू? हाताच्या पाठीवर छान दिसतो.

हाताची पाठ आणि ओठ यांचा रंग एक नसतो. आपल्यापैकी बऱ्याच जणींचे ओठ मुळातच गडद, वरचा ओठ खालच्यापेक्षा जास्त गडद. त्यामुळे फिक्या गुलाबी, न्यूड छटा पांढरट दिसतात. फुकट येणाऱ्या लिपस्टिकांत नेमक्या त्याच छटा जास्त असतात, बहुधा विकल्या न गेलेल्या. ओठांवर थेट लावा, दहा मिनिटं थांबा, मग ओसरीच्या उजेडात बघा. विटकरी, मरून, बोरासारखा लाल, तपकिरी गुलाबी या छटा आपल्याकडे बहुतेकींना जमतात. नावडती फिकी छटा गडद लिपस्टिकच्या वर ओठांच्या मधोमध थोडीशी लावली तर ती वापरून संपते. फाउंडेशन जबड्याच्या रेषेवर लावा, तिथे ते विरघळून दिसेनासं झालं तर तुमचं. मान सावळी आणि चेहरा पांढरा, असं दिसलं तर कितीही महाग असो, ठेवू नका.

वहिनीने वापरलेला मेकअप घेऊ का?

काजळ, मस्कारा, आयलायनर कधीच नाही, डोळे येण्याची साथ घरभर फिरते. लिपस्टिकचा वरचा थर ब्लेडने कापून, स्पिरिटने पुसून घेता येते. ओठावर फोड येणाऱ्या माणसाची असेल तर तीही नको. पावडर चालेल, पण पफ स्वतःचा.

इन्स्टाग्रामवर एक दुकान म्हणते, ड्रेस फुकट पाठवतो, तू रील टाक. टाकू का?

पोरींनो, गावातून रील करून नाव कमावता याचा मला अभिमान आहे. म्हणून नीट सांगते. फुकट वस्तू घेऊन केलेलं कौतुक ही जाहिरात आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये सांगून ठेवलंय की पैसे असोत की फुकट वस्तू, बघणाऱ्याला ते स्पष्ट दिसलं पाहिजे. रीलवरच, सहज वाचता येईल असं "जाहिरात" लिहा, खाली हॅशटॅगांच्या गर्दीत लपवू नका. फसव्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. करही लक्षात ठेवा: 1 जुलै 2022 पासून एका देणाऱ्याकडून वर्षात 20 हजारांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू ठेवून घेतल्या तर त्यावर 10 टक्के करकपात लागू झाली. रील करून वस्तू परत दिली तर तो लाभ धरला जात नाही.

आता शोभण्याचं. ड्रेस घालून कॅमेऱ्याशिवाय आठवडी बाजारात जाऊन या. दोन तास भाजी, गर्दी, ऑटोत चढ-उतार. सतत ओढणी सावरावी लागली, गळा वर ओढावा लागला, तर ड्रेस तुमचा नाही आणि रीलमध्ये "मला खूप आवडला" म्हणू नका. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून शेजारच्या गावातली मुलगी वेचणीच्या मजुरीचे पैसे घालते. होकार देण्याआधी दुकानाला रंग, माप आणि कापड विचारा. आपल्या मापाचं नसेल तर "मापात असेल तेव्हा पाठवा" एवढं लिहिणं पुरेसं आहे.

"साडी मोफत, फक्त डिलिव्हरीचे 49 रुपये भरा" अशी लिंक आली.

उघडू नका, ओटीपी सांगू नका, ग्रुपवर पुढे पाठवू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन लावा. जितक्या लवकर लावाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पेटीत वर्षानुवर्षं पडलेल्या फुकटच्या साड्यांचं काय करू? आई टाकू देत नाही.

टाकू नकाच, कामाला लावा. एक लगीनसराई आणि एक दिवाळी गेली आणि साडीची घडी मोडली नाही, की ती बाहेर काढायची. मऊ सुती असेल तर वाकळ शिवा. चार साड्यांत मोठ्या माणसाची होते, आणि आईला तिच्या माहेरच्या साडीचा काठ वाकळीत दिसला की तिची हरकत आपोआप कमी होते. पॉलिस्टरचे पडदे होतात, कूलरवरचं झाकण होतं, धान्याच्या कोठीवर टाकायला होतं. जरीची असेल तर महालक्ष्म्यांच्या मखराला, भुलाबाईच्या सजावटीला. उरलेल्या भांडेवालीला द्या. कोणाला द्यायच्या असतील तर धुऊन, हुक लावून, इस्त्री करून द्या. मेकअप मात्र मुदत संपल्यावर कोणालाच नाही, पोरींना खेळायलाही नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी काय वाण लुटू, म्हणजे घेणारीला हा त्रास होणार नाही?

लिपस्टिक, नेलपॉलिश, बेनावाची क्रीम नको. ब्लाउजपीसही नको, प्रत्येकीच्या घरी दहा पडलेले असतात. जे कोणाच्याही रंगाला, मापाला, वयाला अडत नाही ते द्या: चांगला सुती रुमाल, चहाची गाळणी, सुईदोऱ्याचा डबा, सेफ्टी पिनांचं पाकीट, पालेभाजीच्या बियांची पुडी. पिना मी दरवर्षी देते. जाड, गंज न धरणाऱ्या, तीन आकारांच्या. मार्चपर्यंत बायका येऊन सांगतात की संपल्या, अजून आहेत काय.